वाचकांचे प्रश्न : एकटीने युरोप, मोजक्या पैशांत

प्रश्न : मी २६ वर्षांची असून बडोद्यातील एका खासगी कंपनीत नोकरी करते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाचा अभ्यास केला असल्यामुळे, जी चित्रे आजवर केवळ पुस्तकांत पाहिली ती एकदा समोर उभे राहून पाहावीत, अशी फार दिवसांची इच्छा आहे. तीन आठवड्यांची रजा मिळेल आणि विमान व व्हिसा धरून २ लाख ७५ हजार रुपये खर्च करता येतील. पॅरिस ३ रात्री, ब्रसेल्स १, ॲमस्टरडॅम २, बर्लिन २, प्राग २, व्हिएन्ना २, इंटरलाकेन ३, व्हेनिस २ आणि रोम ३ असा बेत आखला आहे. पॅरिसला उतरणार असल्यामुळे व्हिसा फ्रान्सकडे मागावा, असे मैत्रिणी सांगतात. मध्येच दोन दिवस लंडनला मामेभावाकडे जाऊन यावे, असेही मनात आहे. रेल्वेचा पास घ्यावा का? शिवाय मी एकटी जाणार हे आईला मुळीच पसंत नाही. तिची समजूत कशी घालावी?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. चित्रे पाहायची आहेत असे तुम्ही म्हणता, पण बेत मात्र स्थानके पाहण्याचा आखला आहे. वीस रात्रींत नऊ शहरे म्हणजे आठ वेळा मुक्काम हलवणे आले. हॉस्टेलची खोली सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते आणि पुढच्या शहरातली खोली दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही. त्यामुळे प्रवास चार तासांचा असला तरी त्या दिवसाचा बहुतेक भाग पाठीवरच्या ओझ्यासह निघून जातो. पैसाही तिथेच जातो. युरोपात काटकसरीने राहणाऱ्या माणसाला जेवण बुडवत नाही, सततची हलवाहलव बुडवते, आणि व्हिएन्नाहून इंटरलाकेन गाठून तिथून व्हेनिसला उतरणे हा तर सरळसरळ वळसा आहे. स्वित्झर्लंडच्या तीन रात्रींचा खर्च बुडापेस्टच्या आठवड्याच्या जवळपास जाईल, हे वेगळेच.

आधी व्हिसाचे पाहू, कारण तिथे तुमच्या मैत्रिणींचा सल्ला चुकीचा आहे. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश असून त्या सर्वांसाठी एकच व्हिसा चालतो. मात्र तो ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्याच देशाकडे मागायचा असतो, आणि दोन देशांतले मुक्काम सारखेच असतील तरच पहिला प्रवेश कुठून होतो हे पाहिले जाते. तुमच्याच बेताप्रमाणे फ्रान्समध्ये ३ रात्री आहेत आणि व्हेनिस व रोम मिळून इटलीत ५. हा अर्ज फ्रान्सकडे गेला तर तो नाकारायला अधिकाऱ्याला तुमचाच मुक्कामाचा तक्ता पुरेसा होईल.

लंडनचा विचार या खेपेस सोडून द्यावा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याला वेगळा व्हिसा आणि वेगळे शुल्क लागते, आणि शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला असेल तर लंडनला गेल्यावर परत रोमकडे येण्याची वाटच बंद होते. मामेभावालाच चार दिवस व्हिएन्नाला बोलवा.

आता मी सुचवतो तो मार्ग असा. रोम ५ रात्री, फ्लॉरेन्स ४, व्हेनिस ३, व्हिएन्ना ४ आणि बुडापेस्ट ४. विमानाचे तिकीट काढताना रोमला उतरायचे आणि परतताना बुडापेस्टहून निघायचे असे एकाच आरक्षणात मागावे. ते नेहमीच्या जाण्या-येण्याच्या तिकिटापेक्षा फारसे महाग पडत नाही, आणि पुन्हा रोमला येण्याचा दिवस व भाडे दोन्ही वाचतात. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तासावर आहे, तिथून व्हेनिस दोन तासांहून थोडे अधिक, आणि व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. लांबचा टप्पा व्हेनिस ते व्हिएन्ना हा एकच. तो दिवसा केलात तर आल्प्स पाहत जाल, रात्रीच्या गाडीने केलात तर एका मुक्कामाचे पैसे वाचतील. मी दिवसाची गाडी निवडेन. व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा रेल्वेने तासाभरावर असल्याने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते, म्हणजे देशांची संख्या मोजायचीच असेल तर चार होतात. मुख्य म्हणजे इटलीत १२ रात्री झाल्याने अर्ज कुणाकडे करायचा हा प्रश्नच उरत नाही.

पॅरिस गेले याचे वाईट वाटेल. पण फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयासाठी दोन सकाळी, व्हेनिसच्या अकादेमिया चित्रसंग्रहालयासाठी एक पूर्ण दिवस आणि व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रॉयगल याच्या चित्रांसमोर बसायला निवांत वेळ हे सगळे याच मार्गावर मिळते. त्या कलाकाराची इतकी चित्रे जगात दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयात एकत्र नाहीत. निघण्यापूर्वी कमाटीबागेतल्या संग्रहालयाच्या चित्रवीथीत एकदा पुन्हा जाऊन या. तिथली युरोपीय चित्रे लहानपणी सहलीत घाईने पाहिलेली असतात. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची व्हेनेशियन मोझेकची फरशीही नीट पाहून ठेवा, म्हणजे व्हेनिसमधल्या सान मार्को चर्चच्या फरशीवर पाय ठेवताना घरचे काहीतरी आठवेल.

सोमवारी उफ्फिझी बंद असते, हे मुक्काम ठरवतानाच ध्यानात घ्यावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीची सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात आणि व्हॅटिकनची संग्रहालये शेवटच्या रविवारी सकाळी. मात्र त्या दिवशीची रांग पाहिल्यावर तिकिटाचे २०-२५ युरो स्वस्त वाटू लागतात. मी एकदा फुकटाच्या मोहाने तीन तास उन्हात काढले आणि आत गेल्यावर चित्रांपेक्षा बाकांकडेच जास्त पाहिले.

हिशेब असा मांडा. युरोचा भाव शंभराच्या पुढे गेलेला असल्याने सोयीसाठी ११० रुपये धरू. विमानाला ७० हजार आणि व्हिसा, विमा व व्हिसा केंद्रासाठी अहमदाबादच्या फेऱ्या मिळून १५ हजार बाजूला काढले की १ लाख ९० हजार उरतात. त्यातले २५ हजार आजारपण किंवा चुकलेल्या गाडीसाठी हात न लावता ठेवा. राहिलेले १ लाख ६५ हजार म्हणजे १,५०० युरो. शहरांमधल्या रेल्वेसाठी २०० युरो वेगळे काढल्यावर दिवसाला ६५ युरो हाती राहतात. त्यात सामाईक खोलीतल्या पलंगाला सरासरी ३२, खाण्याला १७ आणि तिकिटे व स्थानिक वाहतुकीला १६ असे बसते. व्हेनिसला हे आकडे वर जातील, बुडापेस्टला खाली येतील. व्हेनिसच्या बेटावर न राहता समोरच्या मुख्य भूमीवरील मेस्त्रेला राहिल्यास रेल्वेने दहा मिनिटांचे अंतर पडते आणि पलंगाचा दर बराच उतरतो. इटलीतील हॉस्टेले दर रात्रीचा शहर-कर बहुधा वेगळा घेतात, त्यामुळे संकेतस्थळावर दिसलेली रक्कम अखेरची समजू नये.

रेल्वेचा पास या मार्गासाठी घेऊ नये. २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना त्यात सवलत असते हे खरे, परंतु इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आसनाचे आरक्षण पैसे देऊन करावेच लागते, आणि चारच मोठ्या प्रवासांसाठी पासाची किंमत वसूल होत नाही. दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटे काढली की ती बरीच स्वस्त मिळतात. मात्र इटलीच्या प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, कारण तिकीट खिशात असूनही दंड भरण्याची वेळ त्यामुळे येते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस लागत असले तरी ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपूर्वी अपॉइंटमेंट मिळणेच अवघड होते, म्हणून तीन महिने हाताशी ठेवावेत. शुल्क ९० युरो असून केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि प्रवासाच्या सर्व दिवसांसाठी लागू असणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. काळ निवडायचा तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मे किंवा मग सप्टेंबर-ऑक्टोबर, पण ईस्टरचा आठवडा रोममध्ये टाळावा. ऑक्टोबर हवामानाला उत्तम आहे, फक्त नवरात्र बुडेल, आणि बडोद्याच्या मुलीला ते कितपत परवडेल हे मला सांगता येत नाही.

पैशांबाबत एकच अनुभव सांगतो. बुडापेस्टला पहिल्या खेपेस यंत्रातून फोरिंट, म्हणजे हंगेरीचे चलन, काढताना पडद्यावर ‘रुपयांत रक्कम आकारावी का’ असा आपुलकीचा प्रश्न आला आणि मी होकार दिला. त्या एका होकाराने बाजारभावापेक्षा कितीतरी वाईट दराने पैसे कापले गेले. दुकान असो वा यंत्र, नेहमी स्थानिक चलनच निवडावे. हंगेरीत युरो चालत नाही आणि जिथे घेतात तिथे दर दुकानदाराच्या मर्जीचा असतो.

सामान सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत, चाकांच्या बॅगेचा तिथे काडीचा उपयोग नाही. लॉकरसाठी स्वतःचे कुलूप मात्र न्यावे.

राहता राहिली आईची समजूत. ‘काही होत नाही’ हे वाक्य तिच्यापुढे उच्चारू नका. त्याऐवजी एका कागदावर वीस रात्रींचे वीस पत्ते, हॉस्टेलचे दूरध्वनी, गाड्यांच्या वेळा, रोम, व्हिएन्ना व बुडापेस्ट येथील भारतीय वकिलातींचे क्रमांक आणि युरोपभर चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक लिहून तो स्वयंपाकघरात लावा. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या खोल्या बहुतेक मोठ्या हॉस्टेलांत मिळतात, पहिल्या दोन-तीन रात्री तरी त्याच घ्याव्यात. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, तेव्हा तिथल्या संध्याकाळी पाचला, म्हणजे आईच्या साडेआठला, रोज फोन होईल असे ठरवा आणि ते पाळा. रोमच्या बसमध्ये खिसेकापू आहेत, हे तिच्यापासून लपवण्यापेक्षा पासपोर्ट कपड्यांच्या आत कुठे ठेवणार ते तिला दाखवावे. नवरात्रात मध्यरात्रीनंतर स्कूटरवरून एकटी घरी येणारी मुलगी तिने पाहिलेली आहे. तिची भीती रस्त्याची नाही, अंतराची आहे. १८८७ साली सयाजीराव महाराज प्रथम युरोपला गेले तेव्हा समुद्र ओलांडणे हेच अनेकांना निषिद्ध वाटत होते, हेही जेवताना सहज बोलून पाहावे.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागला असून त्याच्या खात्यात ६० हजार रुपये आहेत. तो मित्राशिवाय एकटाच युरोपला निघाला आहे. आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी तीन लाख घेऊन त्याच्या खात्यात भरावेत, असे शेजारी सुचवतात. तसे करावे का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : करू नये. वकिलातीला खात्यातली शिल्लक पाहायची असते त्याहून अधिक, ती कशी जमली हे पाहायचे असते, आणि म्हणूनच काही महिन्यांचे विवरण मागितले जाते. पगाराच्या लहान नोंदींनंतर अचानक उगवलेले तीन लाख त्यात उठून दिसतात. आपणच खर्च करणार असाल तर तसे पत्र, आपले आयकर विवरणपत्र, बँकेचे विवरण आणि पिता-पुत्राचे नाते दाखवणारा दाखला जोडावा. त्यात कमीपणा काही नाही. मुलाची नोकरी आणि मंजूर रजेचे पत्र हा तो परत येईल याचा पुरावा असतो. मुक्कामाची आरक्षणे रद्द करता येतील अशी, पण खरी असावीत. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी कळवतात, मात्र शुल्क परत मिळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी शुद्ध शाकाहारी असून अंडेही खात नाही. ती एकटी इटली व ऑस्ट्रियाला जात आहे. बरोबर काय द्यावे आणि तिने तिथे काय खावे?
— एक गृहिणी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : प्रथम काय देऊ नये ते सांगतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, तूप आणि पनीर घरीच राहू द्यावे. ताज्या फळभाज्यांनाही प्रमाणपत्र लागते. केळे, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना तेवढी सूट आहे. लिलो चिवडो, भाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तेलावर भाजलेला उपम्याचा रवा ही शिदोरी पुरेशी होते. ठेपले दही न घालता करावेत आणि पहिल्या तीन-चार दिवसांतच संपवावेत.

इटलीत मारिनारा नावाचा पिझ्झा मागावा. नावावरून समुद्राचा भास होत असला तरी त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो एवढेच असते, चीजही नसते. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरून केले जाते, हे काटेकोर शाकाहारी व्यक्तीला ठाऊक असावे. पास्ता ताजा असेल तर त्यात बहुधा अंडे असते, वाळवलेल्या साध्या पास्त्यात सहसा नसते. ‘मांस नको’ एवढे म्हटल्यास मासा ताटात येऊ शकतो, म्हणून ‘सोनो वेजेतारियाना’ असे सांगून वर अंडे आणि मासा नको हेही स्पष्ट करावे. व्हिएन्नात रविवारी बहुतेक किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच खरेदी उरकावी. नळाचे पाणी दोन्ही देशांत निर्धास्त प्यावे. रोममध्ये तर रस्तोरस्ती वाहत्या तोट्या आहेत, तिथे बाटली भरून घेता येते.

हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात वरणभात सहज होतो. हिंग मात्र घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत आणि वर दोन पिशव्यांत बांधून द्या. माझ्या सॅकमधली पुडी एकदा आठ जणांच्या खोलीत फुटली होती आणि सकाळी सात जणांनी खोली बदलून मागितली होती.