मराठवाड्यातली चर्च नवी माणसं जोडतात तरी कशी? पैसे वाटतात हे खरं आहे का?

मी जालन्याचा, जुन्या मिशनच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती, त्यामुळे आतून जे दिसतं तेवढंच सांगतो.

पैशाचं आधी उरकतो. आमच्याकडे दर रविवारी थैली फिरते ती द्यायला नाही, घ्यायला. वर्गणी थकली की कमिटीचा माणूस घरी येऊन बसतो, आणि तो चहा पिऊनही उठत नाही.

मिशनच्या काळात मात्र देणं होतं. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. त्यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. पुढे शाळा आली, मिशनचा दवाखाना आला. याला कुणी आमिष म्हणतं, कुणी आधार. ज्याला गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची मुभा नव्हती, त्याने यावर फार काथ्याकूट केला नसावा.

आज आमच्यासारख्या जुन्या मंडळ्या नव्या माणसासाठी फारसं काही करत नाहीत. मे महिन्यात मुलांसाठी बायबल शाळा, नाताळात घरोघर कॅरल, शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट, झालं. खरी काळजी वेगळीच आहे. आमचीच पोरं पुण्याला नोकरीला गेली, मागे बाकांवर म्हातारी माणसं उरली.

वाढ दिसते ती नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्याने निघालेल्या प्रार्थनासभांमध्ये. भाड्याचा हॉल, नाहीतर पत्र्याचं शेड. तिथं माणूस पुस्तिका वाचून येत नाही, आजारपण घेऊन येतो. दवाखाने करून झाले, देवऋषी झाला, करणी उतरवून झाली, मग शेजारीण म्हणते, "एकदा शुक्रवारच्या उपवास प्रार्थनेला चल." तिथं ढोलकी असते, कीबोर्ड असतो, मराठी भजनं असतात. मग साक्ष. एखादी बाई उभी राहून सांगते की मालक रोज पिऊन यायचा, आता वर्ष झालं, थेंब नाही. समोर बसलेल्या दहाजणींच्या घरी तेच चालू असतं. प्रवचनापेक्षा याचा परिणाम कितीतरी जास्त. म्हणूनच या सभा मुळात बायकांच्या जोरावर चालतात. पुरुष मागून येतात, तेही सगळे नाही.

दुसरं म्हणजे पाठपुरावा. सभेला आलेल्याच्या घरी दोन दिवसांत पास्टर मोटारसायकलवर हजर. पोराच्या परीक्षेला प्रार्थना, म्हातारीला सरकारी दवाखान्यात न्यायला सोबत. बीडकडच्या सभा दिवाळीनंतर रिकाम्या होतात, कारण माणसं ऊसतोडीला जातात. तरी फोन लावून कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, प्रार्थना चालू ठेवणारे पास्टर मी पाहिलेत. आमच्या मंडळीत कुणी चार रविवार दिसलं नाही तर आम्ही पाचव्या रविवारी विचारतो, तेही सहज आठवलं तर.

याच सभांमधली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. "विश्वास ठेव, गोळ्या बंद कर" असं सांगणारे काही उपदेशक आहेत. शुगरच्या, फिटच्या पेशंटला असं सांगणं म्हणजे जिवाशी खेळ. असा माणूस भेटला तर सरळ उठून यावं.

आता ही वाढ किती? कागदावरून कळत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे मातंग घरातल्या माणसाने कागदोपत्री धर्म बदलला की सवलत गेली. म्हणून कित्येकजण वर्षानुवर्षं सभेला येतात, स्वतःला 'विश्वासी' म्हणवतात, पण दाखला जुनाच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी होते. शिवाय नव्या हॉलमधली बरीच गर्दी आमच्याच बाकांवरून उठून गेलेली असते, ती वाढीत कशी धरायची?

कायद्याचंही सांगतो. राज्यघटनेच्या कलम 25 प्रमाणे धर्माचा प्रचार करता येतो; पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितलंय. स्वतःहून येणाऱ्याला आडकाठी नाही. जबरदस्ती, फसवणूक केली तर तक्रार करा, चर्च कुठलंही असो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर एखाद्या शुक्रवारी जाऊन बसा. कुणी अडवणार नाही. नंबर मात्र विचार करून द्या, फोन येणारच.