डायएथिल ईथरची जुनी, अर्धी रिकामी बाटली वापरता येईल का?

जुनी असेल आणि कधी उघडली होती ते माहीत नसेल, तर झाकणाला हातही लावू नका. हवा आणि उजेड मिळाला की ईथरमध्ये हळूहळू पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगं तयार होतात. झाकणाच्या आट्यांत किंवा तळाशी पांढरे स्फटिक दिसले, तर झाकण फिरवताना होणाऱ्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. बाटली हलवू नका, लगेच प्रयोगशाळाप्रमुखांना कळवा.

नव्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, पेरॉक्साइड चाचणीपट्टीने तपासत राहा आणि ऊर्ध्वपातन करताना फ्लास्क कधीही कोरडा पडू देऊ नका.

आगीचं म्हणाल तर ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते टेबलावरच उकळेल. प्रज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे ४५ अंश. वाफ हवेच्या अडीचपट जड, त्यामुळे ती जमिनीलगत पसरत लांबच्या बर्नरपर्यंत पोहोचते. तापलेली हॉटप्लेटही पुरते, ज्योत लागतेच असं नाही. फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) काम करा, गरम पाण्यावरच तापवा. आणि कृपा करून घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका, आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरेशी असते.