तुमचा प्रश्न असा: मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, खगोलशास्त्रात जायचं म्हणते. अमेरिकेत फिजिसिस्टला वर्षाला दीड लाख डॉलर मिळतात, पण आपल्याकडे पगार बरा असतो का, आणि गोव्यात नोकरी मिळेल का?

मी फोंड्याचा, गोवा विद्यापीठातून एमएस्सी फिजिक्स आणि मग पुण्यात पीएचडी, म्हणून लिहितोय. पणजीच्या जुंता हाउसच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनी बघितला तेव्हापासूनचं वेड, आणि त्या वयात पगार कोण विचारतो.

नेट परीक्षेतून जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) लागली तर 2023 पासून महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42, वर एचआरए. फक्त हा स्टायपेंड दर महिन्याला येईल असं धरू नका, मला एकदा पाच महिन्यांचा एकदम मिळाला आणि तोवर मेसचे पैसे मित्राकडून उसने. पुढं कॉलेजात पर्मनंट असिस्टंट प्रोफेसर झाली की बेसिकच 57,700, इस्रोत सायंटिस्टची सुरवात 56,100 वर, डीए वेगळा. म्हणजे पगाराला नावं ठेवायला जागा नाही हो, घोळ आहे तो तिथं पोचेपर्यंतच्या वर्षांचा. एमएस्सी दोन, पीएचडी पाच-सहा, मग एखाददुसरं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) बहुतेक परदेशात, तोवर तिशी उलटते आणि बरोबरीची बीकॉमवाली मैत्रीण पर्वरीला सचिवालयात सिनियर झालेली असते (चवथीला जमलेले नातेवाईक सगळं त्याच मापानं मोजतात).

अमेरिकेत फिजिसिस्टला वर्षाला दीड लाख डॉलर असं तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही, पण त्यात बहुतेक पीएचडी झालेलेच, तेच लागतं तिथं.

गोव्यात निव्वळ खगोलशास्त्र म्हणजे विद्यापीठ नाहीतर बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमध्ये प्राध्यापकी, तीही जागा निघाली तर. फिजिक्सला मात्र इथं समुद्र आहे. दोनापावलला एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) लाटा-प्रवाहांवर काम चालतं, वास्कोत एनसीपीओआर, म्हणजे ध्रुवीय आणि समुद्र संशोधनाचं केंद्र, तिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखल्या जातात. सुरवात बहुतेक प्रोजेक्टवर, कॉन्ट्रॅक्टची, प्रोजेक्ट संपला की परत अर्ज.

मी स्वतः पोस्टडॉकनंतर सोडलं. आधी गोंगाटातून पल्सारचे (वेगानं फिरणाऱ्या ताऱ्यांचे) सिग्नल काढायचो, आता फोंड्यात घरी बसून एका कंपनीसाठी कार्डांचे फ्रॉड शोधतो, काम जवळपास तेच आणि पैसे जास्त. म्हणून पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आत्तापासून शिकू दे, कुठंही गेली तरी लागेल.

आणि फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या वेळी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांसाठी उघडी असते, घेऊन जा तिला. 45 मीटरच्या डिश बघून झाल्या की तिथल्या पीएचडीवाल्या पोरांना गाठून पगाराचं विचारा, ती खरं सांगतात.