घरी सोलर पॅनेल बनवून वीजबिल खरंच कमी होतं का?

तुमचा प्रश्न असा, की सुटे सोलर सेल ऑनलाइन स्वस्तात मिळतात, ते जोडून घरीच पॅनेल बनवलं तर महिन्याच्या २०० युनिटांच्या बिलात काही फरक पडेल का?

बिलासाठी करणार असाल तर नको. शिकायला म्हणून करणार असाल तर जरूर करा. मी रत्नागिरीकडे छपरांवर सोलर बसवायची कामं करतो, आणि आयटीआयच्या पोरांना घेऊन सुट्या सेलचं पॅनेलही बनवलंय, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सेल लहान असो की मोठा, व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या जरासं वरच मिळतं. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला ३६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक साखळीसारखे, जोडावे लागतात. सेलची जाडी ०.२ मिलिमीटरहून कमी, सोल्डरिंग करताना पापडासारखा मोडतो. पण सरावाने हात बसतो, हे काम जमण्यातलं आहे.

जमत नाही ते हवाबंद करणं. कारखान्यात सेल ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ठेवतात, मधली हवा काढून घेतात आणि दीडशे अंशांच्या आसपास तापवून ते काचेला एकजीव करतात. घरी आपण काय करणार? वर काच, कडेने सिलिकॉन, मागे प्लाय. कोकणातल्या पावसाळ्यात आत ओल शिरायला वेळ लागत नाही, आणि मग जोडपट्ट्या गंजायला लागतात. त्यात उन्हाळ्यात सेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतात आणि रात्री थंड होतात, त्या रोजच्या ताणाने कच्चा सांधा ढिला पडतो. सगळा करंट त्याच सांध्यातून जात असल्याने ती जागा तापत राहते. अशी पाच-सहा पॅनेलं सिरीजमध्ये लावली असतील तर तिथे ठिणगीही पडू शकते, आणि पॅनेलमधल्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी सहज विझत नाही. मागे प्लाय असेल तर पुढचं सांगायला नको.

आता हिशेब. तुमचं पॅनेल झकास जमलं आणि १०० वॅटचं झालं असं धरू. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे तुमचे महिन्याला १२. युनिटला १० रुपये लावले तर १२० रुपये. बॅटरीत भरताना-काढताना वाया जाते ती वीज यातून वजा करा. शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागतेच.

उलट घरातला ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा. दिवसाला १२ तास चालला तरी महिन्याला १६ युनिट वाचतात. एक पंखा तुमच्या अख्ख्या पॅनेलला मागे टाकतो, तोही सोल्डरिंगशिवाय!

बॅटरी टाळून घरचं पॅनेल थेट महावितरणच्या लाइनला जोडता येत नाही. नेट मीटरिंगला, म्हणजे जास्तीची वीज लाइनला देऊन ती बिलातून वळती करून घ्यायला, प्रमाणित पॅनेल लागतं. शिवाय लाइट गेल्यावर आपोआप बंद न होणारं काहीतरी चोरून जोडलं, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जीवावर बेतेल.

बिलच कमी करायचं तर छपरावर तयार, प्रमाणित पॅनेलं बसवून नेट मीटरिंग घ्या. २०० युनिटांना २ किलोवॅट पुरतं. २०० चौरस फुटांच्या आसपास बिनसावलीची जागा हवी, तोंड दक्षिणेला. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनेल देशी सेलचं आणि विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो. पावसाळ्यात उत्पादन पडतं, पण उन्हाळ्यातला तुमचा पंख्या-फ्रिजचा भार बराचसा निघतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. आणि बॅटरी नसलेली ही सिस्टीम लाइट गेल्यावर भर उन्हातही बंद पडते, यावरून मला दर उन्हाळ्यात फोन येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हौस असेलच तर अंगणातल्या दोन एलईडी दिव्यांपुरतं छोटं पॅनेल बनवा. त्यात बॅटरी जास्त भरू न देणारा चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकायला विसरू नका.

तुमचं छप्पर स्लॅबचं आहे की पत्र्याचं, आणि दक्षिणेला माड किंवा शेजारची भिंत येते का, ते लिहा. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पूर्ण ओळीचं उत्पादन घसरतं, त्यामुळे ते कळल्याशिवाय किती पॅनेलं बसतील हे सांगण्यात अर्थ नाही.