निर्माल्य आणि मूर्ती नदीत टाकणं बंद केलं तर पुण्याची मुळा-मुठा स्वच्छ होईल का?

नाही होणार. निर्माल्य कलशातच टाकावं, मूर्ती हौदातच सोडावी, त्यात वाद नाही. पण गणपती दहा दिवसांचे आणि संडास-मोरीचं पाणी बारा महिन्यांचं.

खरं तर मी उत्तर लिहिणार नव्हतो. पण प्रश्नाखाली तुम्ही "गावाकडच्या लोकांना तर नदीची किंमतच नाही" असं जोडलंय, आणि हेच वाक्य मला माझ्या दाजींनी ऐकवलं होतं.

थेऊरच्या अलीकडे, नदीकाठी आमची शेती आहे. पुणं जे सोडतं ते आमच्या मोटरीत येतं. दाजी पुण्यात ओढ्यालगतच्या मोठ्या सोसायटीत राहतात, कमिटीवर आहेत. चतुर्थीला चिंतामणीचं दर्शन घेऊन आमच्याकडे जेवायला यायचे. एका उन्हाळ्यात बांधावर उभे राहिले, नाकाला रुमाल लावला आणि हे बोलले. मी तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मोटरीच्या पाइपाच्या तोंडाला असलेल्या फुटवॉलमध्ये अडकलेलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आणि तुमच्या दुधाच्या पिशव्या काढत होतो. ताई समोर होती म्हणून गप्प बसलो.

पुढं भाचीच्या वाढदिवसाला त्यांच्याकडे गेलो. जेवणं झाल्यावर म्हटलं, दाजी, तुमचा एसटीपी, म्हणजे सोसायटीचा मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट, दाखवा की. नाइलाजानं खाली घेऊन गेले. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. तिथल्या पोराला विचारलं तर त्यानं सांगून टाकलं, "तपासणी असली की चालू करतो." मैला खाणारे जंतू त्या ब्लोअरच्या हवेवर जगतात. हवा तोडली की ते मरतात, टाकीतलं पाणी काळं पडून सडतं. बायपासचा व्हॉल्व्ह उघडा होता, म्हणजे सगळं थेट ओढ्यात. दाजी म्हणाले, "लाइटबिल किती येतं माहितीय का तुला?" वर लॉबीत भरदुपारी झुंबर पेटलेलं होतं. ते मी चारचौघांत बोलून दाखवलं. तेव्हापासून भाऊबीजेला ताई एकटीच येते.

आता नदीचं. खडकवासल्याचं पाणी कालव्यात आणि शहराच्या पाइपांत जातं. पावसाळा सोडला तर मुठेच्या पात्रात धरणातून फारसं काही येत नाही. मुळेचं वरचं पाणी मुळशीला अडवून विजेसाठी कोकणात उतरवलंय. मग मे महिन्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून फेसाळत पडतं ते बहुतेक शहरानं वापरून सोडलेलं पाणी. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर केंदाळ माजतं. तेच पाणी पुढं भीमेतून उजनी धरणात जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं.

शुद्धीकरणासाठी जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून ९९० कोटींची योजना मंजूर झाली. ११ केंद्रं, रोजची क्षमता ३९६ दशलक्ष लिटर. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मध्येच नदीकाठ सुशोभित करायची टूम निघाली. काठाला दगड बसवून आणि बाक टाकून मैल्याचा वास जात असता तर आमच्या बांधावर मीच बाक टाकला असता.

तुम्हाला काही करायचंच असेल तर आपल्या सोसायटीच्या एसटीपीत रात्री जाऊन बघा. ब्लोअरला वेगळं मीटर बसवायला लावा. आणि गाळ कधी काढला, कुठं दिला, त्याची नोंद मागा. प्लांट नीट चालला की गाळ निघतोच. नोंद नसेल तर काय ते समजा. कमिटीवाले लाइटबिलाचं तुणतुणं वाजवतील, तेव्हा झुंबराचं बिल विचारा.

सगळ्याच सोसायट्या अशा नाहीत, हे खरं. महापालिकेच्या वाहिन्यांतूनही मैलापाणी ओढ्यांत येतंच, कारखान्यांचंही येतं. आमच्या शेतातला युरियाही नदीत उतरतो, गावचं गटारही तिथंच जातं. दाजींचा तेवढा मुद्दा मला मान्य आहे. पण शहराच्या मैल्यापुढं आमचं गटार ते केवढं!

आणि असल्या पाण्यावर मेथी-पालक पिकवताच कशाला, असं कुणी विचारायच्या आधी सांगतो, काठच्या विहिरींनाही हेच पाणी पाझरतं. दुसरं पाणी द्या, नदीतली मोटर उद्याच काढतो.