'पाचक संप्रेरकं' पचवत नाहीत

प्रश्न असा आहे: "तुपकट जेवणानंतर पोट तासन्‌तास जड राहतं, त्याला 'पाचक संप्रेरकं कमी पडली' म्हणावं का?"

नाही. अन्न फोडतात ती विकरं, म्हणजे एन्झाइम. संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तातून निरोप नेतं, अन्नाच्या कणाला शिवतही नाही. तरी 'पाचक संप्रेरकांनी युक्त चूर्ण' ऐकून ऐकून कान किटले. शिवाय तुपानं संप्रेरक कमी नाही, उलट जास्तच सुटतं. स्निग्धांश लहान आतड्याच्या तोंडाशी पोचला की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्यानं पित्ताशय आवळतं, पित्तनलिकेच्या तोंडचा गोल स्नायू सैल पडतो आणि जठराला हुकूम जातो, 'जरा दमानं'. म्हणून पोट जड.

आता खरी गंमत. 'हार्मोन' हा शब्द इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला, ग्रीक 'होर्माओ'वरून; अर्थ 'गती देतो'. ग्रीकमध्ये आरंभीच्या 'स'चा 'ह' होतो (सप्त, हेप्टा), म्हणून 'होर्माओ'च्याच घरातल्या 'होर्मे'चं (आवेग) नातं आपल्या 'सृ' धातूशी, ऋग्वेदातल्या 'सर्म'शी (प्रवाह) जोडतात. म्हणजे सरणं, सारक आणि चक्क अतिसार ही हार्मोनची चुलत भावंडं! काही व्युत्पत्तिकार 'होर्मे'ला 'ऋ' (जाणं) धातूकडे नेतात. न्या बापडे, पण मग आरंभीचा 'ह' कुठून आला? मधल्या लुप्त सकारातून, म्हणे. मला ते ओढूनताणून वाटतं. पोटाच्या कामाला 'सृ'च शोभतो.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेफर यांचाही हट्ट असाच. १९१३ साली ते म्हणाले, चेतवणाऱ्यांनाच हार्मोन म्हणा, रोखणाऱ्यांना 'केलोन'. 'संप्रेरक' शब्दावरही हाच आक्षेप घेतात: प्रेरणा म्हणजे पुढे ढकलणं, मग थोपवणारा प्रेरक कसा? अहो, तेच कोलेसिस्टोकायनिन पित्ताशय आवळतं आणि जठर सैल सोडतं. एकाच रेणूची दोन बारशी करायची का? 'प्र + ईर्' म्हणजे धाडणं, कामाला लावणंही. 'थांब' हासुद्धा हुकूमच.

आणि मोटिलिन हे आतड्याचं दुसरं संप्रेरक घ्या. पोटात कावळे ओरडतात तो त्याचा अंमल: उपाशीपोटी साधारण ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडू मारत जाणारी लाट. जेवायला बसलात की ती बंद. याला 'पाचक' कसं म्हणणार? पचवायला काही नसतं तेव्हाच तर ते कामाला लागतं.