आधी इथला माणूस टेबलावर, मग बजेट

तीन युरोपीय सांस्कृतिक इन्स्टिट्यूटचा एकत्र प्रोजेक्ट, कोऑर्डिनेटर तू एकटी, जर्मन बाईंना एक हवंय, फ्रेंच साहेबांना दुसरंच, आणि तुला कळेना की तू नक्की कुणाची माणूस. अगं, पगार देतात त्यांची, विषय संपला. पण ज्या नाटकवाल्यांच्या जिवावर हे सगळं उभं राहणार ते तुझ्या एवढ्या लांब मेलमध्ये पार शेवटी आले, तेही 'व्हेन्यू पार्टनर' म्हणून. तिथे माझं डोकं फिरलं.

इथला माणूस आधी टेबलावर, मग बजेट.

२००६ मध्ये युरोपातल्या या संस्थांनी युनिक (EUNIC) नावाचं नेटवर्क काढलं, जागोजागी त्यांचे क्लस्टर, म्हणजे स्थानिक गट असतात, अध्यक्षपद फिरतं. चांगलंच आहे. पण डायरेक्टरही फिरतेच ना, काही वर्षांनी बदली, नवा येतो तो नवी थीम घेऊन. आणि २०२३ मध्ये गोएथेने, म्हणजे जर्मनांच्या सांस्कृतिक संस्थेने, जेनोआ, तुरीन, लिल, वॉशिंग्टन धरून नऊ केंद्रं बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे इमारतीचाही भरवसा नाही.

बरं, पैशाचं बघ. जर्मन सरकारी वर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. त्यात एफसीआरए, म्हणजे परदेशी पैशाचा आपला कायदा! त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्या नाटकाच्या ग्रुपला परदेशी अनुदान घेताच येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीवाल्या दुसऱ्या संस्थेकडून फिरवूनही देता येत नाही. हे तुला ऑक्टोबरात कळलं तर काय करशील? पहिल्याच मीटिंगला त्यांचा हिशेब बघणारा असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. म्हणून म्हणते, आधी इथला माणूस.

एकत्र काम होतच नाही असं नाही हं. पॅलेस्टाईनमधल्या रमल्लात २००४ पासून जर्मन आणि फ्रेंच सांस्कृतिक केंद्र एकाच छताखाली आहेत. लोगोचं भांडण मिटतं गं, ते मोठ्यांना मिटवू दे.

मी हेच बोलत राहिले म्हणून एका ठिकाणी माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे रिन्यू झालं नाही. हट्टी म्हणाले. खंत आहे, खोटं कशाला बोलू, नोकरी छान होती आणि घरचे हप्ते चालू होते, पण 'कलाकार नंतर कळवू' असं लिहिलेल्या बजेटवर मी सही करायला हवी होती असं मला आजही वाटत नाही, तुला वाटत असेल तर तसं सांग.

सोमवारच्या कॉलची लिंक त्या ग्रुपला आजच पाठव. बाईंना विचारत बसू नकोस, सीसीत ठेव फक्त.